नातीला आणायला अलिबागला गेले

अलिबागहून आल्यापासून गल्लीतल्या बाया एकेक करून येतात आणि विचारतात, समुद्र कसा असतो गं? एकीला सांगून होत नाही तर दुसरी येते. माझा घसा बसला. मी चौथीपर्यंत शिकले आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवते. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावं, येत नाही त्यांनी नातवंडांकडून वाचून घ्यावं. मजेची गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडं जावं. मी तिथं होते तितके दिवस भीतच होते.

का गेले ते आधी सांगते. बाहेरगावचं कोणी वाचलं तर त्यालाही कळावं.

आमचं गाव विष्णुपुरीच्या धरणाच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठी आहे. धरणाची दारं उघडायच्या आधी भोंगा वाजतो. भोंगा वाजला की काठचे शेतकरी नदीकडं पळतात, कारण ज्याची त्याची पाण्याची मोटार नदीत असते. माझा मुलगा सुभाष असाच मोटार काढायला गेला. मोटार काठावर सापडली. तो खालच्या तिसऱ्या गावाला सापडला. त्याची एकुलती एक मुलगी प्रज्ञा तेव्हा दुसरीत होती.

तीच प्रज्ञा आता नर्स झाली आहे. नोकरी लागली ती अलिबागच्या दवाखान्यात. खोली मिळाली ती समुद्राच्या काठाला. हे ऐकल्यापासून माझ्या सुनेचं, छायाचं, जेवणावरून मन उडालं. एक दिवस ती भाकरी थापता थापता थांबली आणि मला म्हणाली, "आत्याबाई, तुमचं ती ऐकते. जाऊन घेऊन या तिला. नोकरी गेली तर गेली. पाण्याकाठी माझं एक गेलं. दुसरं मी तिथं ठेवणार न्हाई."

मलाही तसंच वाटत होतं. मी म्हणाले, "आणते."

सोबतीला माझी धाकटी जाऊ पद्मीन आली. तिचे गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्या शब्दाबाहेर नाही. मी चल म्हणाले की चालते, बस म्हणाले की बसते.

पनवेलच्या पुढं

नांदेडहून पनवेलला थेट गाडी आहे. लातूरला पद्मीनचा भाऊ फलाटावर धपाटे आणि दही घेऊन उभा होता. बाकी रात्र सांगण्यासारखी नाही.

प्रज्ञानं फोनवर सांगितलं होतं, मुंबईला या, तिथून बोटीनं तासाभरात येता येतं. मी म्हणाले, पाण्यावरून मी येणार नाही, मेले तरी. म्हणून पनवेलला उतरून एस.टी. धरली. वाटेत बस एका लांब पुलावर चढली. खाली रुंद पाणी होतं, कडेला काळा चिखल आणि त्यात रुतलेल्या होड्या.

मी कंडक्टरला विचारलं, "ही कंची नदी?"

"नदी नाही आजी, खाडी. समुद्राचं पाणी आत आलंय."

"समुद्र तर अजून लांब हाय म्हणता."

"लांबच आहे. पण पाणी येतं इथवर."

मी खिडकीतून बघत राहिले. पाणी कोणीकडून कोणीकडं वाहतंय ते मला कळेना. आमच्या नदीला वर आणि खाली असतं, आंधळ्यालाही पाय घातला की समजतं. मी तसं म्हटलं, तर कंडक्टर हसला. "ह्याचं तसं नाही. सकाळी इकडं, दुपारी तिकडं."

पद्मीन म्हणाली, "म्हंजी आपल्या प्रज्ञावानी ह्याला बी ड्युट्या हायती."

ती हसली, कंडक्टर हसला. मला हसू आलं नाही. पाण्याला दिशा नसेल तर माणसानं पळावं कोणीकडं?

काठावर

प्रज्ञा स्टँडवर आली होती. अंगानं भरली आहे, रंग काळवंडला आहे. मला वाटलं होतं रडेल. तिनं आमच्या पिशव्या उचलल्या आणि चालायला लागली. खोलीवर जायच्या आधी म्हणाली, "एकदा बघून तर घ्या." गल्ली संपली आणि समोर समुद्र आला.

बायांनो, तुम्ही विचारता म्हणून सांगते. समुद्र मोठा असतो हे काही मला नवं वाटलं नाही, मोठा असतो हे पुस्तकात वाचलेलंच होतं. पण तो आपल्यापेक्षा उंच दिसतो. आपण काठावर उभं राहिलं की लांबचं पाणी डोळ्यांच्या रेषेत वर उभं असतं, आणि आपण खाली. धरणाचं पाणीही वर असतं, पण त्याच्या पुढं भिंत असते. मी भिंत शोधत होते.

"ह्याला आडवं काय हाय?" मी प्रज्ञाला विचारलं.

"काही न्हाई आज्जी. कशाला पाहिजे?"

मी वाळूतच बसले. वाळू काळी आणि घट्ट, आमच्या नदीच्या वाळूसारखी भुसभुशीत नाही. पद्मीन मात्र लुगडं वर धरून पाण्यात जाऊन उभी राहिली, चूळ भरली आणि थू थू करत परत आली. "एवढं पाणी अन् घोटभर प्यायला न्हाई! आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तवा लोकं रडत होती. ही लोकं तर जन्माची रडत असतील."

समोर पाण्यात किल्ला दिसत होता. चारी बाजूंनी पाणी आणि मधे काळा तट. प्रज्ञानं सांगितलं, जुन्या काळच्या आरमाराचा आहे, त्या आरमाराच्या प्रमुखाची, सरखेलाची, समाधी गावात आहे, हे शहरच त्या लोकांनी वसवलं. मी विचारलं, तिथं जातात कसे? ती म्हणाली, कधी चालत, कधी होडीनं. मला वाटलं पोरगी थट्टा करते आहे.

प्रज्ञाची खोली ताराबाय नावाच्या कोळिणीच्या घरात आहे. ताराबाय माझ्याच वयाची, गळ्यात सोनं, आवाज भांडल्यासारखा. घराला उतरती कौलं, भिंतींना शेवाळ, अंगणात नारळ. आमच्याकडं पापड वाळवायला अंगण लागतं, तिथं डब्यातला पापडही ओला होतो. मीठ पाणी सुटून वाहतं. मी छायानं दिलेल्या पिठाच्या ज्वारीच्या भाकरी केल्या, तर ताराबायनं बोंबलाचं कालवण आणलं. मासे आम्ही खातो, पण नदीचे. बोंबील तोंडात घातला की विरघळतो, ह्याला मासा म्हणावा का मला समजलं नाही, पण चव चांगली. ताराबायनं आमचा ठेचा खाल्ला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगो बाय, हे काय खाता तुम्ही? आग नुसती!"

"तुम्ही इतकं पाणी घेऊन बसलाव," पद्मीन म्हणाली, "विझवा की."

जेवण बरं झालं. पण घास गिळताना मागून आवाज येत होता तो थांबत नव्हता. धरणाची दारं उघडल्यावर लांबून जसा घोंग आवाज येतो, अगदी तसा. आमच्याकडं तो आवाज आला की सगळं गाव उठून उभं राहतं. इथं ताराबाय पाय पसरून बोंबील खात होती. मी दोनदा उठून दारात जाऊन आले.

जेवल्यावर मी प्रज्ञाला सांगितलं, तुझ्या आईनं तुला आणायला धाडलंय. पेटी भर.

"मला ठाऊक हाय कामून आलीस ते," ती म्हणाली. "मी येत न्हाई."

"तुझ्या आईनं खाणं सोडलंय."

"आईला इकडं आण. मी खाऊ घालते."

"ह्या पाण्याचा काय भरवसा?"

"भरवसा कशाचा बी न्हाई. पण मी इथं आंधळ्यावानी ऱ्हात न्हाई आज्जी. मला ह्याचं समजतं."

"तुझ्या बापाला बी नदीचं समजत होतं."

ती उठून भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मी म्हणायची चल, ती म्हणायची न्हाई. मी ठरवलं, जायच्या दिवशी हाताला धरून बसमध्ये बसवायची. लहानपणी शाळेतही तशीच नेली होती.

किल्ला

किल्ल्याचं खूळ पद्मीनचं. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञा कामावर गेली आणि आम्ही काठावर आलो, तर समोरचं पाणी गेलेलं! काठापासून किल्ल्याच्या दारापर्यंत नुसती ओली वाळू. माणसं चालत जात होती, घोड्याच्या गाड्या जात होत्या, लेकरं वाळूत पळत होती. उन्हाळ्यात आम्ही गोदावरी अशीच पायी ओलांडतो, टरबुजाच्या वाड्या करतो. मला पहिल्यांदाच तिथं काहीतरी ओळखीचं दिसलं.

ताराबाय मासळीची पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. ती म्हणाली, "जाऊन या गो. पण पुनव होऊन दोनच दिस झालेत, पाणी लवकर चढतं. गाड्या परत फिरल्या की त्यांच्या मागोमाग या. बसून राहू नका."

मी हो म्हणाले. ऐकलं सगळं. पण माझ्या मनात माझाच हिशेब होता. आभाळात ढग नाही, वर कुठं पाऊस नाही. पाणी वाढायचं तर कुठून तरी यायला हवं, आणि एवढी माणसं जातात तिथं सरकारनं भोंगा ठेवलेलाच असणार. पन्नास वर्षं नदीकाठी काढलेल्या बाईला पाण्याचं काय सांगायचं? आणि खरं सांगायचं तर मला हा समुद्र जवळून बघायचा होता, म्हणजे प्रज्ञाला त्याची खोट दाखवता आली असती.

गाडीत बसलो नाही. घोडा पाहूनच मला विश्वास वाटला नाही, हाडकुळा होता. चालत गेलो. मधे घोट्याएवढं पाणी लागलं, बस.

किल्ला आतून मोठा आहे. झाडं आहेत, देऊळ आहे, एक दर्गा आहे, मोडलेले चौथरे आहेत. आम्ही देवाला हात जोडत नाही, बाबासाहेबांनी सांगितल्यापासून सोडलं ते. पण देवळापुढं एक हौद आहे, दगडी पायऱ्यांचा, त्याचं पाणी मी ओंजळीनं प्याले. गोड! भोवती सगळा खारट समुद्र आणि मधे गोडं पाणी. पद्मीन तिथंच पायरीवर बसली, गुडघ्यांना पाणी लावत. म्हणाली, "आक्का, मला इथंच जागा दे. मी उठत न्हाई."

"बस मग. मी पाण्यावर नजर ठेवते."

मी पलीकडच्या तटावर चढले. तिथं दोन तोफा आहेत, त्यांच्यापुढं खडक आणि खडकांपुढं उघडा समुद्र. मी तोफेच्या आडोशाला बसून त्या समुद्राकडं बघत होते. पूर येणार असला की नदी आधी सांगते. पाणी गढूळ होतं, काडीकचरा वाहत येतो, फेसाचे पुंजके येतात, मग पाणी येतं. मी कचरा शोधत होते, गढूळपणा शोधत होते. काहीच नव्हतं. खडक होते तसे होते. मागून गाडीवाल्यांच्या आरोळ्या ऐकू आल्या, "चला, चला!" मला वाटलं गिऱ्हाईक बोलवतात. दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा ओरडले, मग गप्प झाले. मला तर बरं वाटत होतं. अलिबागला आल्यापासून पहिल्यांदा माझी छाती धडधडत नव्हती. पद्मीनला मी खाली ओरडून सांगितलं, "बस निवांत. काही न्हाई झालं."

पोटात भूक लागली तेव्हा आम्ही दाराशी आलो.

दाराबाहेर वाळू नव्हती.

दुसऱ्या दारानं आलो की काय म्हणून मी मागं वळून बघितलं. दार तेच. समोर काठावरची घरं तीच. मधे सगळं पाणी. मी ज्या समुद्रावर पहारा करत होते तो तिथंच होता, आणि पाणी माझ्या पाठीमागून आलं होतं. डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही अंगांनी आत शिरून मधे एक झालं होतं. शेवटची गाडी पलीकडं काठाला लागत होती, घोड्याच्या पोटापर्यंत पाणी होतं. आमच्याशिवाय दारात कोणी नव्हतं.

"आता गं?" पद्मीन म्हणाली.

"आता काय? चल. घोडा गेला, आपण जाऊ."

मला आत थांबायचं नव्हतं. मागं तट, भोवती समुद्र आणि तो उंच होत चाललेला, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. काठ दिसत होता. मी लुगड्याचा काचा मारला, पद्मीनचं मनगट धरलं आणि उतरले.

नदी ओलांडायची रीत आहे. पाणी जिकडून येतं तिकडं तोंड करायचं, आडवं पाऊल टाकायचं, पुढचा पाय बसल्याशिवाय मागचा उचलायचा नाही. मी तसंच केलं. डावीकडं तोंड केलं, तर लाट उजवीकडून पाठीत बसली. उजवीकडं वळले तर डावीकडून आली. पाणी गुडघ्याला होतं ते मांडीला आलं. पायाखालची वाळू टाचेपाशी निघून जात होती. लुगडं भिजून पायांत गुंडाळलं. कमरेची पिशवी, त्यातला फोन, सगळं पाण्याखाली गेलं. सुभाष कसा गेला असेल ते मला आजवर कधी समजलं नव्हतं. पट्टीचा पोहणारा होता. तिथं समजलं. पाणी माणसाला बुडवत नाही, आधी उभं राहू देत नाही.

"आक्का, मागं फिर," पद्मीन म्हणाली.

"गप. चाल."

"मागं फिर म्हणून राहिले ना!"

"निम्मं आलो."

"न्हाई आलो. बघ तरी मागं."

मी बघितलं. दार अगदी जवळ होतं. काठ होता तितकाच लांब. तेवढ्यात पाणी कमरेला आलं आणि मी एका गुडघ्यावर पडले, नाकातोंडात खारं पाणी गेलं. पद्मीननं माझ्या दंडाला धरून ओढलं. मी हात सोडवून परत पुढं निघाले, तर तिनं माझा पदरच मुठीत धरला.

"तुला जायचं तर पदर फाडून जा," ती ओरडली. "मी येत न्हाई! सुभाषच्या वक्ताला बी तू मला घरी बस म्हणालीस, मी बसले. आता मी न्हाई ऐकत. तू गेलीस तर छायाला मी काय सांगू? तिचं तोंड मी बघू का तू?"

इतक्या वर्षांत ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. दुखरे गुडघे पाण्यात रोवून ती उभी होती आणि मूठ सुटत नव्हती. तिनं मला ओढलं आणि मी गेले. दाराच्या पायरीवर येऊन आम्ही दोघी पडलो, तोंडातून पाणी गाळत.

आत

देवळाची दिवाबत्ती करणारं एक कुटुंब किल्ल्यात राहतं. त्या घरची बाई धावत आली. "अहो आजी, असं उतरतात का? आत बसायचं ना गुपचूप!" तिनं आम्हाला कोरडी लुगडी दिली, चहा दिला. मी तिला विचारलं, भोंगा का वाजला नाही?

"कसला भोंगा?"

"पाणी सोडायच्या आधी वाजतो तो."

तिला हसू आवरेना. "दर्याला कोणी दारं बसवलीत का आजी? रोज दोनदा येतो आणि दोनदा जातो. आज आला, उद्याही येईल."

रोज दोनदा. म्हणजे रोज दोनदा पूर. हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं रात्री झोपतात कशी?

आता संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल, असं ती म्हणाली. मग मी तिथं बसले. लाट तटावर आपटली की धप असा आवाज दगडातून माझ्या बुडाखाली यायचा. मी तटाकडं नीट बघितलं. मोठे मोठे दगड एकावर एक नुसते ठेवलेले. मधे चुना नाही, फटी तशाच. आत्तापर्यंत मला वाटत होतं निदान ही भिंत तरी आहे. मी त्या बाईला फट दाखवली.

"मुद्दाम ठेवल्यात त्या," ती म्हणाली. "पाणी आत शिरतं आणि निघून जातं, म्हणून तट टिकलाय."

मला हे पटलं नाही. अजूनही पटत नाही. भिंतीत पाणी शिरू द्यायचं आणि तिला भिंत म्हणायचं?

पद्मीन माझ्या शेजारी भिंतीला टेकून झोपली. घोरतही होती. मी जागी. प्रज्ञा घरी येईल, आम्ही नसू, फोन लागणार नाही. तिला एकदा असंच काठावर उभं राहून वाट बघावी लागली होती, दुसरीत असताना. तेव्हा मीच तिला कडेवर घेऊन उभी होते. समुद्राची भीती होतीच, त्यावर ही दुसरी भीती चढली.

होडी

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती बाई म्हणाली, होडी येतेय. मी दाराशी गेले. पाणी पायऱ्यांना लागलं होतं. लाटांवर वरखाली होत एक होडी येत होती. तिच्यात ताराबाय बसलेली, तिचा दीर इंजिनाशी, आणि मधे प्रज्ञा. दवाखान्याच्या कपड्यांतच, उभी. हातानं काही धरलेलं नाही, होडी हलली की तीही हलायची. मला ओरडायचं होतं, खाली बस म्हणून.

होडी लागायच्या आधीच तिनं पाण्यात उडी मारली, कमरेएवढ्या पाण्यातून चालत आली आणि माझे दोन्ही खांदे धरले.

"आज्जे, तुला अक्कल हाय का गं? ताराबायनं सांगितलं होतं का न्हाई?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मी पाण्यावर नजर ठेवून होते."

"कुठं?"

मी पलीकडच्या तटाकडं हात केला. तिनं कपाळावर हात मारला. मागून ताराबाय ओरडली, "बाजारातून आले तर खोलीला कुलूप! म्हटलं, गेल्या बाया दर्याच्या पोटात. ह्या पोरीला दवाखान्यातून उठवून आणली. रडत आली ती सगळ्या रस्त्यानं."

प्रज्ञा रडली होती हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. मी तिला म्हणाले, "मी तुला न्यायला आले."

"पहिले तू होडीत बस. मग कोण कुणाला नेतंय ते बघू."

मी सांगितलं होतं, मेले तरी पाण्यावरून जाणार नाही. बसले. डोळे मिटले तर जास्त भीती वाटायची, उघडले तर पाणी दिसायचं. मी प्रज्ञाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. ताराबायचा दीर म्हणाला, "आजी, होडी धरा, पोरीला सोडा. हात तुटला तर इंजेक्शन कोण देईल?" सगळी हसली. मी सोडलं नाही. काठाला उतरल्यावर तिच्या मनगटावर माझ्या नखांच्या खुणा होत्या, रक्त आलं होतं.

खोलीवर आल्यावर तिनं मला ताटात भात वाढला आणि समोर बसली. म्हणाली, "आज्जी, मी रोज उठल्या उठल्या ताराबायला विचारते, पाणी कवा येतं, कवा जातं. अंघोळीच्या आधी विचारते. मी भिते ह्याला. पण ह्याची येळ ठरलेली हाय. बाबा गेले तिथं समुद्र नव्हता."

मी जेवत राहिले.

परत

निघायच्या आदल्या दिवशी छायाचा फोन प्रज्ञाच्या फोनवर आला. "आत्याबाई, पेटी भरली का तिची?" प्रज्ञा समोर उभी होती, मी काय बोलते ते बघत. मी म्हणाले, "उद्या निघतो," आणि फोन ठेवला. सकाळी ती बसपर्यंत आली. मी तिचा हात धरला नाही. पद्मीन खिडकीतून म्हणाली, "सुकट पाठव गं, ताराबायची." बस सुटली. पुलावर आलो तेव्हा खाडीचं पाणी आत येत होतं का बाहेर जात होतं, ते मी नीट बघितलं. आत येत होतं.

छाया फाट्यावर उभी होती. आम्ही दोघीच उतरलो. ती बसच्या दाराकडं बघत राहिली, दार बंद होऊन बस निघाली तरी.

"पोरगी कुठं हाय?"

"तिथं हाय. तिथंच ऱ्हाईल."

"तुम्ही आणते म्हणालाव."

"म्हणाले होते. न्हाई आणली."

किल्ल्याचं सगळं मी तिला सांगितलं, काही लपवलं नाही. भोंग्याचं सांगितलं, पद्मीननं ओढलं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. चहा आणून ठेवते, भाकरी वाढते, अंथरूण घालते. बोलत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. मी तिच्या जागी असते तर भाकरीही वाढली नसती.

आता नवा फोन घेतला आहे. रोज सकाळी मी प्रज्ञाला लावते. जेवलीस का, झोपलीस का, हे विचारत नाही. विचारते, आज पाणी कवा येतं? ती सांगते. त्या वेळेला मी जिथं असेन तिथं, शेतात असो की बाजारात, हातातलं काम सोडून बसून राहते. बसून काय होतं म्हणाल तर काही होत नाही. भीती गेलेली नाही, आता तिला वेळ ठरली आहे एवढंच.

फोन ठेवला की छाया चुलीपुढून मान न वळवता विचारते, "कवा?"

दिवसभरात ती माझ्याशी तेवढंच बोलते. मी सांगते. मग ती भाकरी उलटते.